आधी वही, मग गट, नोंदणी शेवटी : सेवेत असलेल्या पाळकांनी थिऑलॉजी कशी शिकावी

गेल्या पावसाळ्यात आजऱ्याकडचे एक पाळक (पास्टर) आमच्या मंगळवारच्या बैठकीला आले आणि खाकी पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, पुस्तकं आली. आता काय करायचं?" थिऑलॉजीच्या, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरविद्येच्या, अभ्यासक्रमाची फी भरून झाली होती. पुस्तके इंग्रजीत होती, तीही बारीक टाइपाची. पहिली परीक्षा सहा आठवड्यांवर होती. पाळकसाहेबांचे शिक्षण मराठी माध्यमात बारावीपर्यंत, हाताखाली तीन गावांतल्या तीन मंडळ्या (चर्च), आणि जायला-यायला एक मोटारसायकल. पुढे काय झाले हे सांगायला नको.

मी पाळक नाही, मंडळीतला एक वडील (एल्डर) आहे. शाळामास्तरकी संपल्यावर कोल्हापूर, गडहिंग्लज, कागल, कोडोली या भागांतल्या पाळकांचे फॉर्म भरून देणे आणि त्यांच्याबरोबर अभ्यासाला बसणे हे काम अंगावर आले. त्यातून एक गोष्ट कळली. हुशारी कमी पडली म्हणून अभ्यास सुटल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. क्रम उलटा लागतो म्हणून तो सुटतो. लोक आधी नोंदणी करतात, मग भाषेचे बघतात, मग वेळ शोधतात आणि सोबत कोण आहे याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. खालचा क्रम नेमका उलटा आहे. पहिल्या चार टप्प्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुतेक जण ते गाळतात.

टप्पा १ : चार रविवार फक्त लिहून काढा

दोनशे पानी वही घ्या. सलग चार रविवार संदेश (प्रवचन) दिल्यावर त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहा : तयारी करताना कुठे अडलो, लोकांनी काय विचारले, उत्तर देताना कुठे सारवासारव केली.

तिसरी ओळ प्रामाणिकपणे लिहिली तरच या वहीचा उपयोग. महिन्याभरात चित्र दिसू लागते. कोणी बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांवर बोलायचेच टाळतो. कोणाला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावून सांगता येत नाही. कोणाचे वचनाचे ज्ञान पक्के असते, पण घरात भांडण असलेले जोडपे समोर बसले की शब्द सुचत नाहीत. या तिघांना तीन वेगळे अभ्यासक्रम लागतात. "थिऑलॉजी करायची आहे" एवढे म्हणून फॉर्म भरणे म्हणजे "औषध द्या" म्हणून मेडिकलमध्ये जाणे.

याच वहीत आठवड्याचा वेळही मांडा. घरभेटी, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी, बुधवारची प्रार्थना सगळे धरून सलग बसायला किती तास उरतात? चार निघाले तर चारच लिहा. दहा लिहून स्वतःला फसवू नका.

तपासा : चार रविवारांच्या बारा ओळी आणि तासांचा एक आकडा वहीत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : मराठी पवित्र शास्त्र आणि एकच साधन

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खरा अभ्यास इथेच सुरू होतो.

पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, मराठीतली दोन भाषांतरे शेजारी ठेवा. एक तुमच्या मंडळीत वाचले जाते ते, दुसरे वेगळ्या घडणीचे. २०१९ ची मराठी आय.आर.व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) खुल्या परवान्यावर आहे, ती फोनवर मोफत वाचता येते. दोन्हीकडे शब्द वेगळा दिसला की तिथे वहीत खूण करा. मूळ भाषा न येणाऱ्या माणसाला "इथे काहीतरी आहे" हे सांगणारा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

मग एक साधन. केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने तयार केलेले स्टेप बायबल मोफत आहे. संगणकावर उतरवून घेतले की नेट नसतानाही चालते. शब्दावर बोट नेले की त्यामागचा ग्रीक किंवा हिब्रू शब्द, त्याचा अर्थ आणि तो आणखी कुठे कुठे आला आहे हे दिसते. मंडळीच्या ऑफिसात विंडोजचा जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर ई-सोर्डही फुकट बसते. दोन्ही घेऊ नका. एक घ्या आणि सहा महिने तेच वापरा.

या साधनाने लोक कसे घसरतात ते एका उदाहरणाने दाखवतो. योहान २१:१५-१७, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय, ओव्या १५ ते १७. येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? ग्रीकमध्ये पहिल्या दोन प्रश्नांत आगापाओ हे क्रियापद आहे, तिसऱ्यात फिलेओ आहे, आणि पेत्र तिन्ही वेळा फिलेओनेच उत्तर देतो. हे पहिल्यांदा दिसले की पाळकाच्या अंगावर काटा येतो आणि पुढच्याच रविवारी संदेश तयार होतो : आगापे म्हणजे दैवी प्रीती, फिलेओ म्हणजे नुसती मैत्री, पेत्र कमी पडला. मंडळीलाही तो आवडतो.

आता थांबा आणि तेच साधन दुसऱ्यांदा वापरा. योहान ३:३५ काढा. पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथे आगापाओ आहे. मग योहान ५:२० काढा. पिता पुत्रावर प्रीती करतो, आणि तिथे फिलेओ! पित्याची पुत्रावरची प्रीती "नुसती मैत्री" कशी होईल? पुन्हा २१ व्या अध्यायात या. त्याच तीन ओवींत कोकरे आणि मेंढरे, चारणे आणि पाळणे असेही शब्द बदललेले आहेत. त्या बदलावर कोणी दोन वेगळ्या सेवा उभारत नाही. शब्द बदलून लिहिणे ही योहानाची लकबच आहे, म्हणून बरेच अभ्यासक इथे दोन क्रियापदांत फार अंतर मानत नाहीत. काही मानतात, त्यांचेही वाचा. पण कोश उघडून पहिल्या अर्थावर संदेश उभा करू नका. तो शब्द त्याच लेखकाने आणखी कुठे वापरला आहे हे आधी बघा. ही एक सवय लागली की अर्धी सेमिनरी (पाळकांना शिकवणारी संस्था) घरात आली.

इशारा : इंग्रजी पान फोनवर भाषांतरित करून वाचायचे असेल तर वाचा, पण त्यावरून थेट संदेश लिहू नका. यंत्राला चर्चची मराठी येत नाही. 'मिनिस्टर'चा ते मंत्री करते, 'जस्टिफिकेशन'चे औचित्य. वहीच्या मागच्या पानांवर स्वतःची शब्दसूची ठेवा : जस्टिफिकेशन म्हणजे नीतिमान ठरवणे, सँक्टिफिकेशन म्हणजे पवित्रीकरण, कव्हेनंट म्हणजे करार, अटोनमेंट म्हणजे प्रायश्चित्त. दीडशे शब्द जमले की साधे इंग्रजी टीकाग्रंथ (बायबलवरची भाष्ये) अंगावर येत नाहीत.

तपासा : एका उताऱ्यातला एक शब्द घेऊन, तो त्याच पुस्तकात आणखी दोन ठिकाणी शोधून, काय सापडले ते मराठीत पाच ओळींत लिहिता आले का?

टप्पा ३ : जगभरातले फुकट साहित्य, पण चाळणी लावून

आज घरबसल्या जेवढे मिळते तेवढे पूर्वी मोठ्या सेमिनरीच्या ग्रंथालयातही नसे. बिब्लिकल ट्रेनिंग या संस्थेचे इंग्रजी वर्ग मोफत ऐकता येतात. थर्ड मिलेनियम या अमेरिकन संस्थेचे व्हिडिओ धडे मोफत आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे हिंदीत आहेत. मराठी माणसाला हिंदीतून थिऑलॉजी ऐकणे इंग्रजीपेक्षा कितीतरी सोपे जाते, तरी लाजेखातर लोक इंग्रजीच धरून बसतात. नेट बायबल या इंग्रजी भाषांतराला साठ हजारांवर टिपा आहेत आणि त्या उघड्या आहेत. 'भाषांतरकाराने हाच शब्द का निवडला' हे त्यांत सांगितलेले असते. पुढच्या पातळीला, निबंध लिहायची वेळ आली की ओपन ॲक्सेस डिजिटल थिऑलॉजिकल लायब्ररीत नवे लेख शोधता येतात, सभासदत्व लागत नाही.

फुकट टीकाग्रंथांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. नेटवर जे फुकट असते ते बहुतेक कॉपीराइट संपलेले, म्हणजे शंभर-दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे. भक्तीसाठी उत्तम. पण मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या १९४७ पासून सापडू लागल्या. त्याआधीच्या लेखकाला जुन्या कराराच्या हस्तलिखितांबद्दल त्यानंतर कळलेले काहीच ठाऊक असणार नाही. म्हणून पुस्तक उघडले की पहिले साल बघा. जुने पुस्तक मनन करण्यासाठी ठेवा. "विद्वान म्हणतात" असे सांगायला नवे शोधा.

आणि साठवू नका. एका तरुण उपदेशकाच्या फोनमध्ये मी चारशेच्या वर पीडीएफ मोजल्या होत्या. उघडलेल्या नऊ. फोनला एक नियम लावा : एका वेळी तीन पुस्तके. चौथे हवे तर एक संपवा किंवा पुसून टाका.

छापील पुस्तके असतील तर ती खालच्या कप्प्यात नकोत. शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या लोकांना २०१९ आणि २०२१ नंतर हे सांगावे लागत नाही. पण वही, प्रमाणपत्रे आणि पुस्तके वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा.

टप्पा ४ : तीन ते पाच जणांचा गट

१९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीसमोर प्रश्न होता की खेड्यांतले पुढारी घर, शेत आणि मंडळी सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत. त्यांनी सेमिनरीच लोकांकडे नेली. घरी पाठ वाचायचा, ठरावीक दिवशी गटात बसायचे आणि शिकलेले लगेच मंडळीत वापरायचे. टी.ई.ई. (थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन) म्हणून ही पद्धत जगभर गेली. यातला मधला भाग, गटात बसणे, लोक सर्रास गाळतात. "मी घरी वाचीन की" म्हणतात. घरी वाचणे साधारण दुसऱ्या महिन्यात थांबते.

गट कसा बांधायचा :

तीन जण पुरतात, पाचाच्या वर नको. सगळे एकाच पंथाचे नसले तरी चालते, उलट बरे. पण पहिल्याच दिवशी ठरवा की बाप्तिस्मा कसा द्यावा यावर इथे वाद घालायचा नाही.

दिवस सोमवार किंवा मंगळवार. शनिवार तयारीचा, रविवार सेवेचा. रविवारी संध्याकाळी ठरवलेली बैठक तीन आठवड्यांत मोडते.

जागा सगळ्यांना एसटीने जमेल अशी. आमच्याकडे मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत येता येते, म्हणूनच गडहिंग्लजचे लोक टिकले. एक बैठक प्रत्यक्ष, एक फोनवर, असे आलटून पालटून चालते. फक्त पावसात आजरा, गगनबावड्याकडे रेंज जाते. तेव्हा 'फोनवर बसू' म्हणणे म्हणजे न बसणे.

दीड तासाची वाटणी अशी : पहिल्या वीस मिनिटांत प्रत्येकाने वहीतले एक वाचायचे, पाऊण तास एकच उतारा किंवा एकच पाठ, उरलेल्या वेळात "हे परवा मंडळीत कसे सांगणार?" या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त शिकायला मिळते, आणि चहा येतो म्हणून तोच बुडतो. चहा आधी घ्या.

तपासा : गट सलग सहा वेळा बसला का? सहाव्या वेळी निम्म्याहून कमी जण आले तर गट बदला, अभ्यासक्रम नको.

टप्पा ५ : आता रस्ता निवडा

इथे पहिल्या टप्प्याची वही उघडा. तासांचा आकडा, भाषा आणि अडणाऱ्या जागा बघून ठरवा.

आठवड्याला तीन-चार तास असतील आणि मंडळी सोडता येत नसेल तर विस्तार पद्धतीचा, म्हणजे टी.ई.ई.चा, अभ्यासक्रम घ्या. बंगळूरची ताफ्टी ही संस्था १९७१ पासून हेच काम करते आणि तिचे अभ्यासक्रम भारतीय भाषांतही आहेत. नोंदणीआधी तीनच गोष्टी विचारा : मराठीत नेमक्या कोणत्या पातळीपर्यंत पुस्तके आहेत, कोल्हापूर-सांगली भागात मार्गदर्शक कोण आहे, आणि आमच्याच गटाला केंद्र म्हणून मान्यता मिळेल का. तिसऱ्याचे उत्तर हो आले तर चौथ्या टप्प्याचे कष्ट वसूल झाले.

पदवी हवी, पण घर सोडता येत नसेल तर सेरामपूर सिनेटचा (थिऑलॉजीच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर कॉलेजच्या मंडळाचा) बाह्य अभ्यासक्रम आहे. कोलकात्याहून चालणारा सेप्टर हा विभाग बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) सारखे अभ्यासक्रम घरून करू देतो. यात गृहपाठ लिहावे लागतात आणि लिहायची सवय नसलेल्याला तेच जड जाते. म्हणून दुसऱ्या टप्प्यातल्या त्या पाच ओळींचा सराव.

तीन-चार वर्षे बाहेर राहता येत असेल, मुख्यतः तरुण उमेदवारांना, तर पुणे जवळ. इथे एक घोळ नेहमी होतो. युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी, दोन्ही पुण्यात, दोन्ही सेरामपूरशी संलग्न, नावे ऐकायला सारखी. एकीचा फॉर्म आणि दुसरीचे शिफारसपत्र घेऊन निघालेला मुलगा मी पाहिला आहे. पहिली बिबवेवाडीला, तिथले शिक्षण इंग्रजीतून. बारावीनंतर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी), पदवीनंतर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) हा ढोबळ हिशोब धरा आणि त्या वर्षीचे माहितीपत्रक मागवून पात्रता स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर विसंबू नका, माझ्याही.

इशारा, आणि हा जरा रागाने लिहितो आहे : डॉक्टरेट विकत घेऊ नका. हॉटेलचा हॉल, झगा, टोपी, "इंटरनॅशनल" नावाचे विद्यापीठ आणि देणगी नावाची फी, एवढ्यावर मानद डी.डी. (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) मिळते. मलाही एकदा पत्र आले होते. मी तर पाळकही नाही! भारतात पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे हे १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिले आहे. सेरामपूरला तो अधिकार १९१८ च्या स्वतंत्र कायद्याने आहे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही वेगळी गोष्ट. ती सेमिनरींच्या संघटनेने दर्जा तपासून दिलेली असते. चर्चमध्ये आणि पुढच्या थिऑलॉजी शिक्षणात तिला वजन आहे, पण ती सरकारी मान्यता नव्हे. कोणतेही प्रमाणपत्र घेण्याआधी आपल्या चर्च कौन्सिलला लेखी विचारा : "हे दीक्षेसाठी (पाळक म्हणून विधिवत नेमणुकीसाठी) किंवा बढतीसाठी धराल का?" तोंडी 'बघू' म्हणजे नाही.

टप्पा ६ : कागद

कंटाळवाणा टप्पा, पण फॉर्म परत येतात ते इथूनच.

सगळ्यात मोठी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे स्पेलिंग, आणि दीक्षापत्रावर नुसते 'रेव्ह.' आणि आडनाव. फॉर्मवर नेहमी दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, तेच स्पेलिंग. फरक किरकोळ असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागते का ते संस्थेला आधी विचारा. नाव पूर्ण वेगळे असेल तर राजपत्रात बदल करून घ्या आणि त्यासाठी प्रवेशाच्या बरेच महिने आधी लागा.

बाकी गठ्ठा : गुणपत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या कमिटीच्या ठरावाची प्रत, पाळक किंवा अध्यक्षांचे शिफारसपत्र. पदवी असेल तर विद्यापीठाचे मायग्रेशन मागतात का ते बघा. शिवाजी विद्यापीठाचे हवे असेल तर शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. शिफारसपत्र दोन ओळींचे नको. उमेदवार मंडळीत नेमके काय करतो ते त्यात आले पाहिजे.

तपासा : सर्व कागदांवरचे नाव दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या. स्वतःचे नाव स्वतःला नेहमी बरोबरच दिसते.

टप्पा ७ : पैसे

नोंदणी फी विचारून थांबू नका. पुस्तके, टपाल, परीक्षा, फेरपरीक्षा, संपर्कवर्गाचा प्रवास आणि राहणे, पदवीदानाचा खर्च, सगळे एका कागदावर मांडा आणि तो कागद कमिटीपुढे ठेवा. निम्मे मंडळी, निम्मे पाळक, असा ठराव झाला की अभ्यास दोघांचा होतो.

परदेशातले ओळखीचे बंधू मदत करतो म्हणाले तर मंडळीच्या किंवा स्वतःच्या खात्यावर पैसे मागवू नका. परदेशी निधी घ्यायला २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे पैसे न मागता फीमाफी मागणे. परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर सरळ त्या संस्थेलाच लिहा. उत्पन्न, मंडळीचा आकार आणि आतापर्यंत स्वतः केलेला अभ्यास लिहून पाठवलेले एक पानाचे साधे पत्र उपयोगी पडते. सोबत तुमच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो जोडा.

टप्पा ८ : नोंदणी, आणि पहिले नव्वद दिवस

आता फॉर्म भरा. कधी भरायचा हेही महत्त्वाचे. आपल्याकडे डिसेंबर नाताळात जातो, मार्च-एप्रिल उपवासकाळ आणि ईस्टरमध्ये, मे लग्नांत. दिवाळीनंतर कारखाने पेटले की ऊसपट्ट्यातल्या मंडळीचे आणि त्यामुळे पाळकाचेही वेळापत्रक फिरते. राहतो जून ते ऑक्टोबर, आणि त्यात जुलै-ऑगस्टला शिरोलीजवळ पाणी आले की हायवे बंद. म्हणून संपर्कवर्ग किंवा परीक्षा पुण्याला असेल तर जुलैअखेरची तारीख शक्यतो घेऊ नका. मिळाली तर एक दिवस आधी निघा.

पहिल्या तिमाहीत एकच विषय घ्या. "दोन घेतले की लवकर संपेल" हा हिशोब मी डझनभर वेळा ऐकला आहे. दोन घेणाऱ्यांपैकी कोणी लवकर संपवल्याचे मला आठवत नाही.

गृहपाठ आधी मराठीत लिहा, गटात वाचा, मग मागितलेल्या भाषेत उतरवा. टपालाने पाठवत असाल तर फोटो काढून ठेवा, स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीतच चिकटवा.

आजऱ्याचे पाळकसाहेब आता पुन्हा पहिल्या टप्प्यावर आहेत. ते इंग्रजी पाकीट आमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवले आहे. त्यातले दुसरे पुस्तक पुढच्या वर्षी लागेल असे त्यांच्या वहीवरून दिसते.